तिसऱ्या वळणावरचं घरटं

तिलकने मला घरट्याची गोष्ट सांगितली तेव्हा मी फणस चिरत होते. दोन्ही हात चिकाने बरबटलेले, नाहीतर मी कपाळावर हात मारून घेतला असता.

"कुठे म्हणालास?"

"तिसऱ्या वळणावर. जिनदास मामाचे वेलदोडे संपतात ना, तिथल्या बारक्या झाडावर."

"म्हणजे रस्त्यात."

"रस्ता अजून झालाय कुठे," तो म्हणाला. उठून दारात गेला, दारातून अंगणात, अंगणातून परत चुलीपाशी. तो असा येरझाऱ्या घालायला लागला की मला कळतं, याने मनात काहीतरी ठरवलंय आणि ते मला आवडणार नाही.

तिलकसिरी, माझा नवरा, सिंहराजच्या जंगलात वाटाड्या आहे. बाहेरून पाखरं बघायला येणाऱ्यांना तो रानात नेतो. त्या लोकांना सगळ्यात आधी केहिबेल्ला हवा असतो. निळंभोर अंग, तांबूस डोकं, चोच लाल, पाय लाल, डोळ्याभोवती लाल कडं. एखाद्या पोराने हाताला लागतील ते रंग फासावेत तसा पक्षी. आमच्या बेटावरच्या ओल्या रानांखेरीज जगात कुठेच नाही म्हणे. आम्हाला त्याचं काय कौतुक? चहा खुडताना डोक्यावरून भांडत, खुळखुळत जाणारी टोळी, एवढंच. पण घरटं मात्र तिलकनेसुद्धा वीस वर्षांत तीनदाच पाहिलेलं.

"तीन पिल्लं आहेत," तो म्हणाला. "आत्ताशी पंख फुटतायत. उडायला दहा दिवस तरी लागतील."

"आणि मशीन सोमवारी येतंय."

"म्हणून तर तुला सांगतोय."

त्या दिवशी गुरुवार होता.

खालच्या पुलापासून आमच्या हलदोळ गावातल्या शेवटच्या घरापर्यंत चार वळणांची पायवाट आहे. कुणी आजारी पडलं की लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधायचे, माणसाला खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी उचलून पुलापर्यंत न्यायचं. गेल्या वर्षी जिनदास मामाच्या बायकोला, आमच्या सिरिमा नैंदाला, म्हणजे मामीला, छातीत कळ आली. दुसऱ्या वळणावर तिने पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत ती गेली. त्यानंतर मामाने भेरली माडावर चढून रस काढणं सोडलं, गूळ करणं सोडलं आणि रस्त्याच्या मागे लागला. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून त्याने माती उकरायचं मशीन मिळवलं, तेही मोजून आठ दिवसांसाठी. नवव्या दिवशी ते दुसऱ्या गावाला जाणार होतं. हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

आणि माझ्या घरात माझी धाकटी बहीण नदीका होती, नववा महिना लागलेली. तिचा नवरा कतारला. आई नाही, म्हणून बाळंतपणाला माझ्याकडे आलेली.

"तिच्यासमोर बोलू नकोस हे," मी म्हणाले.

पण आमच्या घराच्या भिंती कसल्या? नदीका आतून ओरडली, "ऐकलं मी. तिलक अय्या, मला दाखवायला न्या ना पिल्लं!" तिलकला ती थोरला भाऊ मानून अय्या म्हणते.

"तू आधी स्वतःचं पिल्लू सांभाळ," मी म्हणाले.

शुक्रवारी तिलक जिनदास मामाकडे दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याच्या फाटकातून परत आला. शनिवारी त्याने वाट मोजली. तिसऱ्या वळणावर वरच्या अंगाला सरळसोट कातळ, खालच्या अंगाला ओढा. रस्ता हातभरसुद्धा सरकवता येईना. वरच्या टोकापासून काम सुरू करावं, तर मशीन वर जाणार कसं? ते आपल्यापुढचा रस्ता कापतच वर येणार. रात्री जेवताना त्याने भात तसाच ठेवला. मी म्हणाले, "खा तरी. तुझ्या उपाशी राहण्याने त्यांना पंख फुटणार आहेत का?"

रविवारी विहारात गावाची बैठक होती. मशीनवाला सुमित आदल्या दिवशीच येऊन पाहणी करून गेला होता, तोही पायरीवर बसला होता. थोरल्या भंतेंनी परित्राणाची रक्षणसूत्रं म्हटली, सगळ्यांच्या मनगटांना दोरे बांधले. चहा फिरला. मग तिलक उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. तो रानात परक्या लोकांसमोर घडाघडा बोलतो. इथे मात्र त्याची जीभ अडखळत होती.

"दुसऱ्या वळणापर्यंत काम होऊ दे," तो म्हणाला. "मग चार दिवस थांबा. तेवढ्यात विहाराचं आवार सपाट करून घ्या, गटारं खणा. रविवारी पुढे सरका. एवढंच मागतोय."

मग शेजारचा लायनल म्हणाला, "काय रे, पाखरांनी अर्ज दिलाय का समितीला?" माणसं हसली.

जिनदास मामा हसला नाही. तो खाली बघतच म्हणाला, "सिरिमा खुर्चीत गेली, तेव्हा तुझं कुठलं पाखरू थांबलं होतं तिलक?"

हसणं तिथेच विरलं. तिलकच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. मला वाटलं, बस आता खाली. बस, आणि घरी चल.

तेव्हा माझ्या शेजारी सतरंजीवर पाय लांब करून बसलेली नदीका बोलली. "मामा, रस्त्याची सगळ्यात घाई सध्या कुणाला आहे? मलाच ना? माझी तारीख अजून वीस दिवस लांब आहे. मी म्हणते, थांबा चार दिवस."

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. तिने माझा हात झटकला.

मामाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "चार दिवस थांबलो तर आठ दिवसांत रस्ता वरपर्यंत जाणार नाही. वरची घरं राहतील."

"वरचं घर तर तुमचंच," लायनल म्हणाला.

"मला माहीत आहे माझं घर कुठे आहे ते," मामा म्हणाला. मग तिलककडे वळून, "चार दिवस. रविवारी सकाळी मशीन पुढे जाईल. मग झाडावर पिल्लू असो, अंडं असो, नाहीतर तू स्वतः चढून बसलेला अस."

घरी येताना मी बहिणीवर तोंडसुख घेतलं. "फार शहाणी झालीस! कुणी विचारलं होतं तुला?"

"कुणी विचारलं नाही, म्हणून तर बोलले."

सोमवारी, मंगळवारी मशीन खालून घरघरत वर आलं. लाल मातीचे ढिगारे, उपटलेले फणस, डिझेलचा वास. दुसऱ्या वळणावर येऊन ते थांबलं आणि विहाराकडे वळलं. तिथून माझं घर फक्त एका वळणापलीकडे.

ते चार दिवस मला नको झाले. चहा खुडायला गेले की कान घराकडे, घरी असले की डोळे तिसऱ्या वळणाकडे. नदीकाच्या पायांवर सूज आली होती. ती उठली तरी मी विचारायची, दुखतंय का? बसली तरी विचारायची. "अक्का, तू विचारून विचारून मला कळा आणशील," ती म्हणायची.

बुधवारी मी एकटीच जाऊन घरटं बघून आले. वेलदोड्यांत उकिडवी बसले. पायाला दोन जळवा लागल्या तरी हलले नाही. एवढ्याशा काटक्यांच्या वाटीत तीन लालसर तोंडं आणि त्यांच्यासाठी राबणारी पाच मोठी पाखरं. आईबाप दोन, मग बाकीची कोण? मावशा? एक पाखरू बेडूक घेऊन आलं, दुसरं हिरवी अळी. मला त्यांचा राग आला. एवढी सगळी मिळून करताय ना, मग जरा लवकर करा की! गुरुवारी पुन्हा गेले. शुक्रवारी गेले तेव्हा दोनच तोंडं दिसली. तिसरं सापाने नेलं की गरुडाने, कोण जाणे.

तिलकला सांगितलं. त्याला माहीत होतं. तो चूळ भरून पायरीवर बसला. त्या आठवड्यात तो पाहुण्यांना ओढ्यापलीकडच्या लांबच्या वाटेने न्यायचा. एका कॅमेरेवाल्याने घरट्याबद्दल खोदून खोदून विचारलं, तर याने सांगितलं, या वर्षी कुठेच नाही.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास मी भाकरी थापत होते. खोबऱ्याची जाड भाकरी, नदीकाला आवडते म्हणून. ती मोरीकडे गेली आणि तिथूनच हळू आवाजात म्हणाली, "अक्का, पाणी गेलं."

"कुठलं पाणी? हंड्यातलं?"

"नाही गं."

तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली. मी अंगणात येऊन ज्या आवाजात ओरडले, तो आवाज मी पुन्हा कधी काढू शकेन असं वाटत नाही. तिलक खालून पळत आला. लायनल आला. विहारातून सुमित मशीन तसंच चालू टाकून आला. तिलकने पुलाजवळच्या रिक्षावाल्याला फोन केला. तो म्हणाला, दुसऱ्या वळणापर्यंत आणतो, पुढे चाक चढणार नाही. नदीका आत भिंतीला धरून उभी होती. कळा भराभर येत होत्या.

तिघे झाले. खुर्चीला चौथा लागतो. वरच्या वाटेने जिनदास मामा खुर्ची डोक्यावर घेऊन उतरताना दिसला. बांबू बांधलेलेच होते. गेल्या वर्षीपासून त्याने ते सोडलेच नव्हते.

खुर्ची अंगणात टेकवून तो त्या खुर्चीकडेच बघत उभा राहिला. मला वाटलं, याच्याने नाही व्हायचं. मग त्याने पुढचा बांबू खांद्यावर घेतला आणि तिलकवर खेकसला, "बघतोस काय? मागचा धर!"

मी नदीकाचा हात धरून बाजूने चालत होते. आदल्या दुपारच्या पावसाने वाट साबणासारखी झाली होती. तिसऱ्या वळणावर आलो आणि ती पाखरं अंगावर आली. पाचही. खळखळ, खुळखुळ, डोक्याच्या वीतभर वरून झेप घेऊन परत फांदीवर. एकाने तिलकच्या डोक्याला चाटून झेप मारली. त्याने मान खाली घातली, पाय घसरला, खुर्ची तिरकी झाली आणि नदीका किंचाळली.

"सावर!" मामा ओरडला. त्याने गुडघा चिखलात रोवून सगळा भार पेलला. गुडघ्यातून रक्त आलं ते मला नंतर दिसलं.

मी खाली वाकून दगड उचलला. चांगला मुठीएवढा. घरटं समोर होतं, नेम धरायचीसुद्धा गरज नव्हती. तेवढ्यात नदीकाला कळ आली आणि तिने माझं तेच मनगट असं आवळलं की दगड हातातून पडला. तिला दगडाचं काही माहीत नव्हतं. ती फक्त धरायला काहीतरी शोधत होती.

दुसऱ्या वळणावर रिक्षा उभी होती. मोठ्या दवाखान्यापर्यंत दीड तास.

मुलगी झाली ती दवाखान्याच्या दारातून आत नेल्यावर लगेचच. नाळ गळ्याभोवती होती. रडली नाही. नर्सने तिला उचलून पळतच नेलं, आणि मग आम्हाला कुणी काही सांगेना. मी आणि तिलक व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. त्याच्या शर्टावर चिखल, माझ्या हाताला अजून पीठ.

"रस्ता झाला असता तर रिक्षा दारात आली असती," मी म्हणाले.

तो शर्टावरचा चिखल नखाने खरवडत राहिला.

"अर्धा तास वाचला असता. त्या अर्ध्या तासात तिचा गळा आवळत होता, तिलक."

"हो," तो म्हणाला.

"या पोरीला काही झालं ना, तर मी तुझ्या घरात परत पाऊल टाकणार नाही. शपथेवर सांगते."

हे मी रागात बोलले असते तर बरं झालं असतं. मी अगदी शांतपणे बोलले. तो उठला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. संध्याकाळपर्यंत तो असाच चालत होता. शेवटी एक बाई येऊन म्हणाली, रडली हो तुमची मुलगी, पण दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागेल.

रविवार उजाडला. मी म्हणाले, "जायचं असेल तर जा. आज मशीन पुढे सरकेल."

"कशाला जाऊ?" तो म्हणाला. आणि नदीकासाठी पेज आणायला खाली गेला.

मंगळवारी दुपारी आम्ही बाळ घेऊन परतलो. मशीन त्याच सकाळी दुसऱ्या गावाला गेलं होतं. रिक्षा दुसरं वळण ओलांडून तशीच पुढे गेली, कच्च्या लाल मातीवर हेलकावे खात. तिसऱ्या वळणावर ते बारकं झाड नव्हतं. वेलदोड्यांची एक रांगही गेली होती. मी तिलककडे पाहिलं. तो बाळाच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून हात धरून बसला होता, त्याने मान वर केली नाही.

रिक्षा आमच्या दारात थांबली. रस्ता आमच्या फणसापाशीच संपला होता. पुढे चौथं वळण, आणि वर मामाच्या घराकडे जाणारी तीच जुनी पायवाट.

मामा गुडघ्याला फडकं बांधून आमच्या पायरीवर बसला होता. पोरीला बघून म्हणाला, "नाक सिरिमासारखं आहे."

"मामा, तुमची ती नात्याने कुणीच नव्हे," नदीका हसत म्हणाली.

"नसू दे. नाक आहे."

तिलकने विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं, "पिल्लं?"

"गेली उडून."

"रविवारी सकाळी?"

"आता मी काय घड्याळ घेऊन बसलो होतो?" मामा वैतागला. "मशीन गरम झालं होतं. ते थंड होईपर्यंत गेली उडून."

संध्याकाळी लायनल आला, तेव्हा खरं काय ते कळलं. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. रविवारी सकाळी सातला सुमितने मशीन तिसऱ्या वळणावर आणलं तेव्हा एक पिल्लू फांदीवर येऊन बसलं होतं, दुसरं घरट्यातच. मामाने हात वर करून मशीन बंद करायला लावलं. सुमित म्हणाला, मामा, आता थांबलो तर तुमच्या घरापर्यंत पोचणार नाही. मामा म्हणाला, तू गप्प बस, चहा पी.

"मोठी पाखरं ओढ्यापलीकडून हाका मारत होती," लायनल सांगत होता. "चोचीत अळी, पण आणून देईनात. ये म्हणे इकडे. पहिलं गेलं दहाच्या सुमाराला. दुसरं बसून राहिलं. म्हातारा त्याच्याशी बोलत होता, खरं सांगतो! 'जा की रे भडव्या, किती वाट बघायला लावशील?' दोन वाजता ते घरट्यातून उडालं कसलं, पडलंच. वेलदोड्यात धडपडलं, मग एका खोडावर चढलं आणि तिथून गेलं पलीकडे. मग मामाने झाड स्वतः कुऱ्हाडीने तोडलं. मशीनला हात लावू दिला नाही."

"का?"

"मी विचारलं नाही बाबा. हातात कुऱ्हाड होती त्याच्या."

तिलक ऐकता ऐकता उठला. अंधार पडायच्या आत तो वर मामाच्या घरी गेला आणि तासाभराने परत आला. काय बोलणं झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघं कुदळ आणि फावडं घेऊन चौथ्या वळणावर उतरले. अजून खणतायत. दिवसाला जेमतेम पाच-सहा हात होतात. तिलक पाहुण्यांना घेऊन रानात जातो तेव्हा मामा एकटाच खणतो आणि तो आला की शिव्या देतो. अवुरुदुच्या, नव्या वर्षाच्या सणापर्यंत व्हायचं नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

बाळ आता रडतं, भरपूर रडतं. मला मात्र अजून झोप लागत नाही. ती गप्प झाली की मी उठून तिच्या नाकापुढे बोट धरते.

परवा दुपारी तिलक रानातून आला. पायरीवर बसून पिंडऱ्यांवरच्या जळवा मिठाने काढत होता. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करताच त्याने विचारलं, "मल्लिका, पोरीला काही झालं असतं, तर तू खरंच गेली असतीस?"

मी थोडा विचार केला. खोटं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग बादलीत पाय धुतले आणि कुदळ घेऊन वरच्या वाटेला लागला.